जुना ओटा ग्रॅनाइटसारखा रंगवायचा असेल तर: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

ओटा रंगवून चार महिने झाले की तक्रारी सुरू होतात. सिंकच्या कडेला पापुद्रे सुटले, शेगडीमागे रंग पिवळट आणि चिकट झाला, पुढच्या काठाचे टवके निघाले. जागा बहुतेक याच तीन. दोष मात्र रंगाला आणि दुकानदाराला दिला जातो. खरं तर रंग सुटतो तो खाली मुरलेल्या तेलामुळे, ओलीमुळे नाहीतर नको त्या थरावर नको तो थर चढवल्यामुळे. दगडाची नक्षी उठवणं हे या सगळ्यातलं सोपं आणि मजेचं काम, त्याला एक दुपार पुरते. बाकीचे दोन-तीन आठवडे तयारी आणि वाळवणं यांचे.

खालचा क्रम आपल्याकडच्या नेहमीच्या ओट्यांसाठी आहे: कडप्पा, शहाबादी, घोटलेल्या सिमेंटचा ओटा आणि पांढऱ्या चकचकीत टाइल्सचा ओटा. टप्पे मागेपुढे करू नका.

## १. ओटा रंगवण्याजोगा आहे का, ते आधी बघा

कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड त्यांना खातं. त्यामुळे बाथरूमची फरशी साफ करायचं ॲसिड या ओट्यावर कुठल्याही टप्प्यावर वापरायचं नाही. लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा नको. दगडाचा वरचा थर भुसभुशीत होतो आणि रंग त्या भुशालाच धरून बसतो.

आता सगळा ओटा बोटाच्या पेराने ठोकत जा. कुठे पोकळ आवाज येतो का? मिक्सर लावल्यावर फरशी थरथरते का? तसं असेल तर आधी गवंडी, मग रंग. हलणाऱ्या दगडावरचा रंग सांध्यावर फाटणारच. सिंक गळत असेल तर तेही आधी दुरुस्त करा. आणि ओटा मुळात खऱ्या ग्रॅनाइटचा असून फक्त निस्तेज झाला असेल तर रंगवूच नका, दगड पॉलिश करणाऱ्याला बोलवा.

ओल तपासायची सोपी रीत आहे. सिंकशेजारी दीड फूट लांब, दीड फूट रुंद जाड प्लॅस्टिक पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. रात्रभर ठेवून सकाळी उचला. आतून दव जमलं असेल किंवा दगड गडद दिसत असेल, तर ओल खालून येते आहे. ती थांबेपर्यंत पुढे जायचं नाही.

## २. महिना आणि आठवडा निवडा

या कामाला आपल्याकडे नोव्हेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा दोन डब्यांचा रंग (एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर) कालवलेल्या भांड्यातच घट्ट होऊ लागतो, आणि इमल्शन इतक्या झपाट्याने सुकतं की स्पंजाचे ठसे एकमेकांत मिसळतच नाहीत. शिवाय त्या दिवसांत पापड, कुरडया, बिबडे यांची घाई असते, ओटा दोन-तीन आठवडे अडकवला तर घरात भांडण ठरलेलं. पावसाळ्यात हवेतली ओल वरच्या क्लिअर (पारदर्शक) थराला बाधते, त्याचं कारण पुढे येईल. जानेवारी चालतो, पण धुळ्याकडे पहाटे पारा पार खाली येतो आणि गारठ्यात इपॉक्सी (प्रायमरमध्ये आणि पुट्टीत असणारं दोन भागांचं रेझिन) नीट कडक होत नाही. म्हणून त्या महिन्यात काम सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात उरका.

बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही. धुण्याच्या टप्प्याला भरपूर पाणी लागतं, तेव्हा सुरुवात पाणी येण्याच्या दिवशी करा. स्वयंपाकाची सोय दोन-तीन आठवडे दुसरीकडे लावा. ‘रात्री रंग, सकाळी चहा’ असं या ओट्यावर जमत नाही.

## ३. सामान

साधारण १० फूट लांब, २ फूट रुंद ओटा धरू. पुढची पट्टी मिळून २५ चौरस फुटांच्या आसपास होतो. त्याला एवढं लागेल:

- धुण्याचा सोडा, मुलतानी माती, प्लॅस्टिकचा ब्रश, काथ्या, जुनी सुती फडकी
- एनसी थिनर १ लिटर
- वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर): ८०, १२०, २२० आणि ३२० नंबर
- इपॉक्सी पुट्टी (एम-सील चालेल), पुट्टी भरायची पट्टी
- इपॉक्सी प्रायमर अर्धा लिटर, त्याच्या हार्डनरसह
- बाहेरच्या भिंतींसाठीचं ॲक्रिलिक इमल्शन अर्धा लिटर, शिवाय नक्षीसाठी तीन-चार छटा थोड्या थोड्या
- पिवळं न पडणारं दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर १ लिटर, त्याच्या हार्डनरसह
- ४ इंची फोम रोलर तीन, रंगाच्या कामाची चिकटपट्टी, हातमोजे, धुळीचा मास्क आणि थिनरसाठी कार्बन फिल्टरचा मास्क

दुकानात हमखास सल्ला मिळतो: “ताई, कशाला एवढा खटाटोप, ऑइल पेंटचे दोन हात मारा, चकाचक होईल.” दिवाळीपुरतं चकाचक होतंही. पण ऑइल पेंट स्वयंपाकाच्या तेलाने आणि वाफेने मऊ पडतो, पिवळा पडतो, आणि त्यावर पीयू चढवलं तर सुरकुत्या येऊन उचलून येतो. ओट्याच्या कुठल्याच थरात ऑइल पेंट नको. डिस्टेंपर नको, आणि लाकडाचं साधं व्हार्निशही नको.

इमल्शन दुकानातून हव्या त्या छटेतच करून घ्या. घरी पांढऱ्या डब्यात स्टेनरच्या नळ्या पिळून काळा रंग करायला जाऊ नका. स्टेनर प्रमाणाबाहेर गेला की रंग धड वाळत नाही, बोटाला लागत राहतो आणि वरच्या थरातही उतरतो.

## ४. तेल काढा

इथेच निम्म्याहून जास्त ओटे बिघडतात.

कडप्पा काळाभोर दिसावा म्हणून त्यावर तेलाचं फडकं फिरवायची सवय घरोघरी आहे. सणावाराला तर हमखास. वर्षानुवर्षं मुरलेलं ते शेंगदाण्याचं तेल दगडाच्या छिद्रांत बसलेलं असतं. फोडणीचे शिंतोडे आणि शेवभाजीचा तर्रीदार रस्सा वेगळाच. वरून साबणाने धुतलं की ओटा स्वच्छ दिसतो, पण रंग ज्यावर बसणार ते तेलच.

एक लिटर कडकडीत गरम पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. भांडं स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमचं सोड्याने काळं पडतं. हातमोजे घालून हे पाणी ओट्यावर पसरा, दहा मिनिटं मुरू द्या आणि ब्रशने गोल गोल घासा. पिवळट फेस येईल तो फडक्याने उचला. परत करा. तिसऱ्या वेळी फेस पांढरा आला म्हणजे वरचं तेल गेलं.

मुरलेल्या तेलासाठी शेगडीच्या आजूबाजूला आणि फोडणीच्या जागी लेप द्यावा लागतो. मुलतानी माती थिनरमध्ये कालवून शेंगदाण्याच्या चटणीइतकी घट्ट करा, अर्धा सेंटिमीटर जाड थापा आणि वरून प्लॅस्टिक झाका. सकाळी प्लॅस्टिक काढून माती सुकू द्या. सुकताना ती दगडातलं तेल वर ओढून घेते. मग पट्टीने खरवडा. खरवडलेली माती पिवळी-तपकिरी निघाली तर लेप पुन्हा द्या.

सावध: थिनर काढण्याआधी सिलिंडर बंद करून घराबाहेर न्या. देवघरातला दिवा, उदबत्ती, फ्रिज, सगळं बंद. खिडक्या सताड उघड्या. थिनर लागलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नका.

यानंतर ओटा साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण सोड्याचा राहिलेला पांढुरका थरही रंगाला धरू देत नाही. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचं पुसणं फिल्टरच्या पाण्याने करा. (फिल्टरच्या बाजूच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी नव्हे, ते बोअरपेक्षाही खारं असतं.) रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसू नका. त्यांचाच तेलकट थर मागे राहतो.

सिंकभोवती खाराची पांढरी पुटं असतील तर कडप्प्यावर ती ब्लेडने खरवडा. टाइल्सवर व्हिनेगर चालतं. सिंकच्या कडेचं जुनं सिलिकॉन आत्ताच ब्लेडने पूर्ण कापून काढा. सिलिकॉनवर जगातला कुठलाच रंग बसत नाही, आणि त्यावर घासलेला पेपर दुसरीकडे फिरवला की तो चिकटपणा सगळ्या ओट्यावर पसरतो.

तपासणी: ओटा सुकल्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. दगडावर किंवा सिमेंटवर थेंब पसरला, हळूहळू मुरला तर ठीक. अळूच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहिला तर तिथे तेल आहे, त्या जागी लेप पुन्हा.

## ५. भेगा, सांधे आणि काठ

भिंतीची पांढरी पुट्टी ओट्यावर भरू नका. पाणी लागलं की ती फुगते आणि मऊ पडते. ताजं सिमेंटही नको, ते पुरतं पक्कं व्हायला २८ दिवस लागतात. इपॉक्सी पुट्टीचे दोन गोळे एकजीव रंग येईपर्यंत मळा आणि भेगेत दाबून भरा, वर किंचित उंच ठेवा. घासताना ते सपाट होईल.

टाइल्सच्या ओट्यावर सांध्यांच्या रेघा पूर्ण भरून सपाट केल्या नाहीत तर वर कितीही सुंदर ग्रॅनाइट काढा, चौकटी दिसतच राहतात. कामाचा हा भाग कंटाळवाणा आहे. तो टाळायचा असेल तर ग्रॅनाइटचा नाद सोडून टाइल्स एकाच रंगात रंगवाव्यात, ते जास्त बरं दिसतं.

पुढचा काठ धारदार असेल तर ८० नंबरच्या पेपरने त्याची धार मारून दोन-तीन मिलिमीटर गोलाई द्या. ओला रंग धारेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जाऊन काठावर थर पातळ राहतो, आणि पातेलं नेमकं तिथेच आपटतं. टवके काठावरूनच का निघतात, त्याचं उत्तर हे.

## ६. घासणे

कडप्पा आणि सिमेंटसाठी आधी १२०, मग २२०. टाइल्ससाठी ८०, मग १२०, आणि त्यावरची चमक पूर्ण जाईपर्यंत. पेपर ओला करून घासा. सिमेंट आणि दगडाची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट, आणि ओट्यावर जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता असते. मास्क लावाच.

घासल्यावर धुवा आणि पंख्याखाली किमान एक दिवस सुकवा, सिमेंटला दोन दिवस द्या. मग स्वच्छ सुती फडकं थिनरमध्ये भिजवून एकाच दिशेने पुसा, दर दोन फुटांनी फडक्याची घडी बदला. यापुढे ओट्याला उघडा हात लावायचा नाही. तळहाताच्या घामाचा आणि तेलाचा डागसुद्धा नडतो.

तपासणी: ओट्याच्या पातळीला डोळा आणून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. चमकणारा प्रत्येक डाग म्हणजे न घासलेली जागा.

## ७. झाकाझाक आणि नमुना फळी

भिंतीला, सिंकला, नळाला चिकटपट्टी लावा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. पट्टी नखाने दाबून बसवा. एवढंच.

नमुना फळी मात्र सोडू नका. टाइलचा किंवा कडप्प्याचा दीड-दोन फुटी तुकडा घ्या, त्यालाही असंच धुऊन-घासून प्रायमरपासून क्लिअरपर्यंत प्रत्येक थर ओट्याच्या एक दिवस आधी द्या. रंग सुरकुतणार असेल, क्लिअर पिवळं दिसणार असेल, छटा चुकणार असेल तर ते या फळीवर कळू दे. हाताला सरावही होतो.

## ८. प्रायमर

डब्यावर दिलेल्या प्रमाणात रंग आणि हार्डनर मोजून घ्या. ‘अंदाजे अर्धा’ चालत नाही, त्यासाठी मापाचे कप वापरा. तीन-चार मिनिटं तळ आणि कडा खरवडत ढवळा. डब्यावर लिहिलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच लावा. एका वेळी लागेल तेवढंच कालवा.

गडद दगड करायचा असेल तर राखाडी प्रायमर, फिका करायचा असेल तर पांढरा. लाल ऑक्साइडचा नको, तो फिक्या छटांतून डोकावतो. काठ आणि सिंकची कड आधी ब्रशने घ्या, मग रोलर फिरवा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे.

तपासणी: दोन दिवसांनी नमुना फळीवर आणि ओट्याच्या कोपऱ्यात ब्लेडने बारीक जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा मारा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे चौकोन चिकटून आले तर प्रायमर धरलेला नाही. वाईट वाटेल, पण तो खरवडून चौथ्या टप्प्यावर परत जा. पुढचे थर चढवून हा दोष कधीच झाकला जात नाही.

## ९. तळाचा रंग

प्रायमरवर ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवा, पुसा आणि इमल्शनचे दोन थर द्या. दगडात जी छटा सगळ्यात गडद दिसते ती तळाला घ्यायची. काळ्या-राखाडी ग्रॅनाइटला काळा किंवा कोळशासारखा, तपकिरीला गडद कॉफी. बरेच जण फिका तळ घेऊन त्यावर काळे ठिपके मारतात. त्याने ग्रॅनाइट होत नाही, मोझॅकची जुनी फरशी होते.

## १०. दगड उठवणे

ग्रॅनाइटच्या दुकानात जाऊन तुम्हाला आवडलेल्या दगडाचा टाकाऊ तुकडा मागून आणा. मोबाइलवरच्या फोटोत रंग खरा दिसत नाही. तुकडा उन्हात धरून नीट बघा. त्यात तीन गोष्टी दिसतील: दुधी किंवा गुलाबी रंगाचे मोठे कण, ते फेल्डस्पार, त्यांच्यामध्ये काचेसारखे राखाडी कण, ते क्वार्ट्झ, आणि काळे चमकते बारीक कण, ते अभ्रक. कण एकमेकांना खेटून असतात, पण कुठे दाट, कुठे विरळ. एकसारखे ठिपके कुठेच नसतात. हे डोळ्यांत बसलं की हात आपोआप सुधारतो.

स्पंजासाठी बाजारातला चौकोनी तुकडा घेऊ नका, त्याच्या कडा आणि एकसारखी भोकं लगेच उमटतात. आपल्याकडे याहून चांगली वस्तू परसात वाळत असते: गिलक्याची जाळी. वेलावरच जून होऊन वाळलेलं गिलकं सोला, बिया झटका, भिजवून मऊ करा आणि त्याचे हाताने फाडून तीन-चार तुकडे करा. कातरीने कापू नका. फाटलेल्या तुकड्याचा प्रत्येक पैलू वेगळा ठसा देतो: आडवा धरला तर लांबट तंतू, टोकाने टेकवला तर दाणेदार पुंजका. त्यातला खरखरीत भाग मोठ्या कणांना, आतला मऊ भाग बारकाव्यांना. गिलकं नसेल तर आंघोळीचा स्पंज चिमट्याने ओरबाडून ओबडधोबड करा.

क्रम असा:

१. मधली राखाडी. जाळी पाण्यात भिजवून घट्ट पिळा, रंगात टेकवा, आधी वर्तमानपत्रावर दोन-तीन ठसे सोडा आणि मग ओट्यावर. दर ठशाला मनगट फिरवा. सुमारे निम्मा तळ झाका, जास्त नाही. दोन-दोन फुटांत पुढे सरका, पण प्रत्येक भागाची कड वेडीवाकडी सोडा. सरळ कड सोडली तर जोड दिसतो.

२. दुधी. पांढराशुभ्र रंग घेऊ नका. त्यात थोडी राखाडी, चिमूटभर पिवळी मिसळा. पुंजके करून टाका: इथे तीन, तिकडे एक, मध्ये मोकळी जागा.

३. तळाचाच रंग पुन्हा. ही पायरी सगळे गाळतात. फिके ठसे ओले असतानाच तळाच्या गडद रंगाचे थोडे ठसे मध्ये मध्ये द्या. वर आलेली नक्षी परत आत ढकलली जाते आणि दगडाला खोली येते.

४. बारीक शिंतोडे. इमल्शन दुधाइतकं पातळ करा. जुना टूथब्रश त्यात बुडवून झटका आणि अंगठ्याने केस मागे ओढा. काळे शिंतोडे आधी, दुधी नंतर, अगदी थोडे. मोठा थेंब पडला तर तो पुसू नका, ओल्या जाळीच्या कोपऱ्याने टिपून घ्या.

पुढची पट्टी वेगळी रंगवू नका. वरची नक्षी काठावरून तशीच खाली उतरली पाहिजे, कारण खऱ्या लादीत दगड आरपार असतो. काठावर रेघ दिसली की सगळा बनाव उघडा पडतो.

चमक हवीच असेल तर अभ्रकाची बारीक पावडर चिमूटभर, तीही क्लिअरच्या पहिल्या थरात. रांगोळीतली चमकी टाकलेला ओटा लग्नपत्रिकेसारखा दिसतो.

संगमरवर करायचा असेल तर गोष्ट वेगळी: ठिपके नाहीत, शिरा. पांढऱ्या-राखाडी ढगाळ तळावर बारीक ब्रश मागच्या टोकाला सैल धरून तिरक्या शिरा ओढा आणि ओल्या स्पंजाने एक बाजू पुसट करा. शीर लादीच्या एका कडेतून येते आणि दुसरीकडे निघून जाते. मध्येच सुरू होऊन मध्येच संपत नाही, आणि दोन शिरा अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदत नाहीत. ग्रॅनाइटचे ठिपके आणि संगमरवराच्या शिरा एकाच ओट्यावर घेऊ नका.

तपासणी: सहा फूट मागे उभे राहून बघा. एकदा दिवसा, एकदा ट्यूबलाइटमध्ये. डोळा एखाद्याच ठिकाणी अडकत असेल तर तिथे गडद ठसा द्या. डोळा कुठेच अडकत नसेल तर थांबा. आणखी थोडं करू म्हणून केलेलं काम नेहमी चिखल होतं.

## ११. क्लिअर

नक्षीला किमान २४ तास वाळू द्या, गारठ्यात ४८. आत ओल राहिलेल्या इमल्शनवर पीयूचं थिनर पडलं की नक्षी सुरकुतते.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. इंटरनेटवर सगळीकडे इपॉक्सी रेझिन ओतलेले काचेसारखे ओटे दिसतात. एक मिलिमीटर थराला आपल्या ओट्यावर सव्वादोन लिटरच्या आसपास रेझिन लागेल. पण आपले ओटे सिंककडे ढाळ देऊन बांधलेले असतात, ओतलेलं रेझिन ढाळावरून सिंककडे आणि पुढच्या काठावरून खाली वाहत राहतं. शिवाय बहुतेक रेझिन उष्णतेने मऊ पडतं आणि काळाने पिवळं होतं. ढाळाच्या ओट्याला रोलरने लावलेलं दोन डब्यांचं पीयू बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. अगदी सपाट, शेगडीपासून लांबच्या ओट्याला रेझिन चालेल.

पीयूचा हार्डनर आयसोसायनेट नावाच्या रसायनाचा असतो. तो पाण्याशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थरात बुडबुडे अडकतात. म्हणून पावसाळा नको, ओला रोलर नको, आदल्या दिवशी धुतलेली आणि ओलसर राहिलेली बादली नको. हे पीयू घरात स्प्रेने कधीच मारू नका. त्याचे तुषार श्वासात गेले तर दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. रोलर, हातमोजे, कार्बन फिल्टरचा मास्क, उघड्या खिडक्या. लहान मुलं आणि दमेकरी त्या दिवशी दुसऱ्या घरी.

पहिला थर अगदी पातळ. त्यावर डब्यावर दिलेल्या वेळात दुसरा, मग तिसरा. मध्ये एक दिवस उलटला तर ३२० नंबरने हलकं घासून, धूळ पुसूनच पुढचा थर द्या, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत. नक्षीवर थेट मात्र पेपर लावायचा नाही, किमान एक क्लिअर थर मध्ये हवा. रोलर एकाच जागी मागेपुढे फिरवत बसू नका, फेस होतो. पंखा बंद ठेवा. संध्याकाळी दिव्याखाली काम केलं तर चिलटं ओल्या थरात चिकटतात, तेव्हा हे काम सकाळी.

थरात गोल खळगे पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन राहिलं आहे. ओल्यात डागडुजी करू नका. वाळू द्या, घासा, थिनर जेमतेम लागलेल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा थर द्या.

## १२. वाळवणे

हाताला वाळलेला थर म्हणजे तयार ओटा नव्हे. तीन दिवस काहीच ठेवायचं नाही. चौथ्या दिवसापासून हलक्या वस्तू, उचलून ठेवायच्या, सरकवायच्या नाहीत. सात दिवस पाणी साचू द्यायचं नाही. सिंकभोवती नवं सिलिकॉन सातव्या दिवसानंतर लावा आणि त्यालाही एक दिवस द्या. शेगडी सगळ्यात शेवटी आणा.

चिकटपट्टी मात्र एवढी थांबत नाही. शेवटचा थर हाताला लागेनासा झाला की ती तिरकी ओढून काढा. पुरती कडक झाल्यावर ओढली तर कड तुटते.

## १३. वापर आणि डागडुजी

गरम तवा, कुकर, खापर थेट ओट्यावर टेकवायचं नाही, खाली लाकडी पाट किंवा जाड स्टँड. भरिताची वांगी भाजून ओट्यावर टाकायची सवय असेल तर ताट घ्या. बडगीत भरीत कुटणं, खलबत्ता, पाटा-वरवंटा हे सगळं खाली जमिनीवर. भाजी चिरायला पाट, पोळ्या लाटायला पोळपाट. कणीक किंवा कापलेलं अन्न थेट रंगावर ठेवू नये.

साफ करायला मऊ फडकं आणि भांड्यांचा पातळ साबण. तारेची घासणी, घासायची पावडर, ॲसिड बंद. हळद सांडली तर तेव्हाच पुसा.

टवका निघालाच तर त्याच दिवशी चिकटपट्टीने झाका, पाणी आत शिरू देऊ नका. सवडीने कडा २२० नंबरने उतरत्या करा, थिनरने पुसा, थेंबभर प्रायमर लावा, दोन दिवसांनी तळाचा रंग, गिलक्याच्या बोटभर तुकड्याने दोन-तीन ठसे आणि वर क्लिअर. त्यासाठी प्रत्येक छटेचा थोडा रंग झाकणाच्या बाटलीत काढून ठेवा आणि वर छटेचा नंबर लिहा. उरलेलं पीयू आणि हार्डनर मात्र वेगवेगळे, घट्ट बंद ठेवा. उघडा राहिलेला हार्डनर हवेतल्या ओलीने दुधाळ किंवा गाठाळ झाला असेल तर तो फेकून नवा आणा.